आवृत्तीची जकात

कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत नगरकडे निघालेल्या गाडीला माळशेज घाटाच्या अलीकडे वैशाखरे लागतं. पावसाळ्यातल्या रविवारी इथे उतरणारी बरीचशी मंडळी पाठीवर पिशव्या टाकून नाणेघाटाच्या वाटेला लागतात. भातखाचरं मागे पडतात, रान सुरू होतं, मग कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि वर नानाचा अंगठा नावाच्या कड्याच्या बगलेतली ती खिंड. कोकणातली बंदरं आणि वरचं जुन्नर यांना जोडणारी ही सातवाहनकाळातली व्यापारी वाट. वाटेवर दगडी रांजण आहे, त्याला लोक जकातीचा रांजण म्हणून ओळखतात. जवळच्या लेण्यात भिंतीवर नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे.

लेखात यज्ञांची आणि त्यात दिलेल्या दक्षिणेची जंत्री आहे. गायी १७००, हत्ती १०, कुठे कार्षापण नावाची नाणी २४,४००. विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८२८ मध्ये हा लेख पाहिला. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८७६ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यातल्या अंकांवर स्वतंत्र निबंध लिहिला, आणि १८८३ मध्ये गेओर्ग ब्यूलर यांचं वाचन प्रसिद्ध झालं. गणिताच्या इतिहासात नाणेघाटाचं नाव येतं ते या अंकांमुळे. आपण आज वापरतो त्या अंकांच्या पूर्वजांपैकी काही इथे दिसतात.

पण लिहिण्याची रीत आजची नाही. शून्य नाही, एकं-दहं-शतं अशी घरं नाहीत. शंभराला एक चिन्ह, हजाराला एक चिन्ह. चारशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडायचं. चार हजार लिहायचे तर तेच चाराचं चिन्ह हजाराच्या चिन्हाला चिकटवायचं. म्हणजे २४,४०० ही रक्कम तीन जोडचिन्हांत मावते: वीस हजार, चार हजार, चारशे. वाचणाऱ्याने मनातल्या मनात बेरीज करायची.

तुम्ही वाचताय तो लेख सॉफ्टवेअरवर आहे, आणि नाणेघाटाचं त्याच्याशी नातं थेट आहे. दगडावरचे हे अंक आज संगणकात लिहिता येतात. कसे लिहायचे हे एका आवृत्तीत ठरलं, त्यात एक उणीव राहिली आणि पुढच्या एका आवृत्तीत ती भरून निघाली. ती कशी भरायची हे ठरवताना जो पेच पडतो, तोच पेच जगातल्या प्रत्येक मुक्तस्रोत लायब्ररीच्या मोठ्या आवृत्तीच्या वेळी पडतो.

ब्राह्मी आणि रुपया

युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना दिलेल्या क्रमांकांचा कोश. ऑक्टोबर २०१० मध्ये त्याची ६.० ही आवृत्ती आली आणि तिच्यात ब्राह्मी लिपी दाखल झाली. त्याच आवृत्तीत रुपयाचं नवं चिन्हही आलं. पवईच्या आयआयटीत शिकलेल्या डी. उदय कुमार यांनी काढलेलं हे चिन्ह केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं होतं. सरकारी मान्यतेपासून तीन महिन्यांच्या आत ते जागतिक कोशात गेलं, हा वेग या क्षेत्रात विरळा. नाणेघाटातल्या कार्षापणांचे आकडे आणि आजचा रुपया एकाच आवृत्तीने संगणकात आणले, हा योगायोगच म्हणायचा.

ब्राह्मीसाठी दोन संच केले गेले. एक शून्यापासून नऊपर्यंतचे दहा दशमान अंक. दुसरा जुन्या पद्धतीच्या वीस संख्याचिन्हांचा: एक ते नऊ, दहा ते नव्वद, शंभर आणि हजार. नाणेघाटासारख्या लेखांना हा दुसरा संच लागतो. पण ६.० मध्ये शंभर आणि चार शेजारीशेजारी ठेवले, तर ते ‘चारशे’ की ‘एकशे चार’ हे सांगायची सोय नव्हती. जून २०१४ मध्ये ७.० आवृत्ती आली तेव्हा त्यासाठी ‘संख्याजोडक’ नावाचं एक अदृश्य चिन्ह देण्यात आलं. मोडी लिपी युनिकोडमध्ये आली तीही याच आवृत्तीत.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. उणीव भरली गेली ती भर घालून. आधी दिलेला एकही क्रमांक हलला नाही. युनिकोडच्या २.० आवृत्तीत, १९९६ साली, कोरियन अक्षरं एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेली होती आणि त्याचा फार ताप झाला. त्यानंतर नियम झाला: एकदा दिलेला क्रमांक काढायचा नाही, हलवायचा नाही, पुढे तर ठेवलेलं नावही बदलायचं नाही. एका कंसाच्या अधिकृत इंग्रजी नावात स्पेलिंगची चूक आहे. ती आजही तशीच आहे आणि तशीच राहणार.

मराठीच्या वाट्याला या शिस्तीतून चांगलंच आलं. ‘ॲप’, ‘ॲसिड’ यांतला ॲ हा स्वतंत्र वर्ण म्हणून एप्रिल २००८ च्या ५.१ आवृत्तीत दाखल झाला. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवत. तसं लिहिलेलं जुनं काही मोडलं नाही, पण एकच शब्द दोन प्रकारे लिहिलेला राहिला. जुनं मोडायचं नाही म्हटलं की त्याची किंमत अशी मागून द्यावी लागते.

लायब्ररी आणि तिचा आकडा

लायब्ररी म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमांनी वापरण्यासाठी लिहिलेला तयार कोड. वैशाखऱ्यात कुणाच्याही हातातल्या अँड्रॉइड फोनवर मराठी निरोप उमटतो तेव्हा निदान दोन मुक्तस्रोत, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, लायब्रऱ्या राबत असतात. हार्फबझ नावाची लायब्ररी अक्षरांना आकार देते: वेलांटी कुठे बसवायची, जोडाक्षर कसं करायचं, रफार कुठे न्यायचा. आयसीयू नावाची लायब्ररी तारखा, अंक, अकारविल्हे क्रम यांचं बघते. फोन मराठीत ठेवला तर आकडे देवनागरीत आणि हिंदीत ठेवला तर बहुधा रोमन पद्धतीचे दिसतात, ते तिच्याबरोबर येणाऱ्या भाषावार माहितीमुळे. या लायब्रऱ्यांचं नाव फोनच्या मालकाने ऐकलेलं नसतं. तसं ते ऐकायची वेळही येत नाही, जोवर काही बिघडत नाही तोवर.

लायब्ररीच्या आवृत्तीचा आकडा सहसा तीन भागांचा असतो. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडलेला संकेत आज बहुतेक प्रकल्प कमीजास्त प्रमाणात पाळतात. शेवटचा भाग वाढला तर फक्त बग दुरुस्त झालेत. मधला वाढला तर काही नवं आलंय, जुनं शाबूत आहे. पहिला वाढला तर सावध: जुन्यातलं काही मोडलंय, तुमचा कोड बदलावा लागेल. या पहिल्या आकड्याच्या वाढीला ‘मेजर रिलीज’ म्हणतात.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, मोठी आवृत्ती म्हणजे नव्या सोयींचा समारंभ. आत काम करणाऱ्यांच्या चर्चा ऐकल्या तर नव्या सोयींवर वाद कमी होतो, कारण त्या मधल्या आकड्यातही देता येतात. वाद होतो तो काय काढायचं, कधी काढायचं, किती आधी सांगायचं यावर. लायब्ररीत वर्षानुवर्षांच्या चुकीच्या निर्णयांचा गाळ साठलेला असतो. चुकीची नावं, विचित्र वागणूक, कधीतरी घाईत दिलेली सोय. तो गाळ काढल्याशिवाय पुढे काम करणं अवघड होतं. पण त्याच गाळावर हजारो लोकांचे प्रोग्रॅम उभे असतात.

म्हणून मोठ्या आवृत्तीचा आराखडा हा मुळात खर्चाच्या वाटणीचा कागद असतो. घाट ओलांडायचा तर जकात पडणार, ती कुणीतरी भरणार. लायब्ररी सांभाळणारे मेंटेनर भरतील, तिच्यावर आपली लायब्ररी उभी करणारे भरतील, की शेवटचा वापरणारा? युनिकोडने सगळी जकात स्वतःवर घेतली: आपल्या चुका कायम वागवायच्या. पण हा मार्ग सगळ्यांना परवडत नाही. त्याच्या अगदी उलट टोकाचं उदाहरण म्हणजे पायथन.

पंधरा, पाच आणि तीन

पायथन ही संगणकाची भाषा. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आज ती सर्रास शिकवली जाते. तिची ३.० ही आवृत्ती ३ डिसेंबर २००८ रोजी आली आणि तिने जाणूनबुजून जुनं मोडलं. कारण काय होतं ते मराठी वाचकाला एका उदाहरणात कळेल.

पायथन २ ला ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर यायचं १५. पायथन ३ सांगतं ५. आपल्याला विचारलं तर आपण म्हणू ३. तिन्ही उत्तरांना आधार आहे. साठवताना देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सहसा तीन बाइट लागतात. म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणून पंधरा बाइट. पायथन २ अक्षरं आणि बाइट यांत भेद करत नसे. त्यामुळे शब्दाचे पहिले चार भाग मागितले की ‘म’ आणि ‘र’चा एक तृतीयांश तुकडा हाती यायचा, पडद्यावर प्रश्नचिन्ह उमटायचं. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, म्हणून अमेरिकेतल्या प्रोग्रॅमरला हा घोळ वर्षानुवर्षं दिसलाच नाही. पायथन ३ ने मजकूर आणि बाइट कायमचे वेगळे केले. आता निदान ‘र’ अख्खा मिळतो. काना त्याच्यापासून सुटू शकतो, तो प्रश्न अजून प्रोग्रॅमरच्या माथी आहे.

बदल योग्य होता आणि मराठीच्या फायद्याचाही. नियोजन मात्र फसलं. कल्पना अशी होती की ‘टू-टू-थ्री’ हे साधन जुना कोड आपोआप नव्यात बदलून देईल आणि काही वर्षांत सगळे पलीकडे जातील. प्रत्यक्षात लायब्रऱ्यांना दोन्हीकडचे वापरकर्ते एकाच वेळी सांभाळायचे होते. एकच कोड दोन्हीवर चालावा अशी त्यांची गरज होती, आणि सुरुवातीच्या आवृत्त्यांनी नेमकी तीच वाट अडवली. युनिकोड मजकुरापुढे लावायचा ‘यू’ पायथन ३.० ने काढून टाकला. हजारो फाइलींत तो होता. शेवटी २०१२ मध्ये ३.३ आवृत्तीत तो परत घ्यावा लागला. दरम्यान दोन्ही तीरांवर पाय ठेवू देणारी एक छोटी लायब्ररी लोकप्रिय झाली. तिचं नाव ‘सिक्स’, कारण दोन गुणिले तीन सहा.

पायथन २.७ चा सांभाळ २०१५ मध्ये थांबणार होता. २०१४ मध्ये ती मुदत २०२० पर्यंत वाढवली गेली आणि १ जानेवारी २०२० रोजी पायथन २ ला अखेरचा निरोप दिला गेला. म्हणजे एका मोठ्या आवृत्तीची संक्रांत अकरा वर्षं चालली.

या काळात मधल्या लोकांची कशी कोंडी होते ते पवईत दिसतं. आयआयटी मुंबईच्या एरोस्पेस विभागातले प्राध्यापक प्रभू रामचंद्रन हे ‘मायावी’ या लायब्ररीचे कर्ते. वैज्ञानिक आकडेवारी त्रिमितीत दाखवणारी ही लायब्ररी जगभर वापरली जाते. पण मायावी स्वतः व्हीटीके नावाच्या दुसऱ्या मोठ्या लायब्ररीवर उभी आहे, आणि व्हीटीकेने पायथन ३ चा स्वीकार केला तो २०१६ मधल्या ७.० आवृत्तीत. म्हणजे पायथन ३ येऊन सात वर्षं उलटली तरी मायावीच्या वापरकर्त्यांना पलीकडे जायचा रस्ता पायाखालूनच बंद होता. कुणी मागे राहिलं म्हणून दोष देणं सोपं असतं. पण या साखळीत प्रत्येक जण खालच्या कडीची वाट बघत असतो आणि वरचा त्याची.

विद्यार्थ्यांनाही झळ बसली. पायथनचा पहिला धडा म्हणजे पडद्यावर एक ओळ छापणं. पायथन २ च्या पुस्तकातली ती ओळ कंसाशिवाय असते. पायथन ३ मध्ये तीच ओळ लिहिली की पहिल्याच पायरीवर चूक दाखवली जाते. ज्याला इंग्रजी चूकसंदेश वाचून उलगडता येतो तो पुढे जातो. गावाकडून आलेल्या, जुन्या पुस्तकावर शिकणाऱ्या मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे धडे मराठीतूनही ऐकायला मिळतात. असे धडे करणं हे कष्टाचं काम, आणि खालची भाषा बदलली की ते पुन्हा करावं लागतं. मोठ्या आवृत्तीच्या आराखड्यात या खर्चाचं कलम क्वचितच असतं.

र आणि ऱ

आता मराठी अक्षरांकडे येऊ. ‘वैशाखऱ्यात’ हा शब्द पाहा. गावाच्या नावाला विभक्ती लागली की त्यात अर्धा र येतो. हा अर्धा र हिंदीला लागत नाही. आपल्याला मात्र तो पायऱ्या, दऱ्या, शेतकऱ्यांना अशा रोजच्या शब्दांत लागतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर त्यासाठी ‘ऱ’ची वेगळी कळ आहे: शिफ्ट दाबून ‘जे’. युनिकोडच्या तक्त्यात हा ‘ऱ’ द्राविडी उच्चारासाठी म्हणून नोंदला आहे आणि त्याचं अर्धं रूप मराठीच्या कामी येतं.

पण युनिकोड २.० मध्ये सल्ला वेगळा होता. साधा र, हलन्त, आणि मग एक अदृश्य जोडचिन्ह. पुढे ऱ अधिकृत झाला, तरी २.० शी सुसंगती राहावी म्हणून जुनी रीतही नियमांत कायम ठेवली गेली. परिणाम असा की ‘वैशाखऱ्यात’ एका पद्धतीने दहा चिन्हांचा शब्द आहे आणि दुसऱ्या पद्धतीने अकरा. डोळ्यांना फरक दिसत नाही. मजकूर एकसारखा करून घेण्याची युनिकोडची जी प्रमाण प्रक्रिया आहे तिच्याने हे दोन एक होत नाहीत. साध्या शोधात एक लिहिला तर दुसरा सापडत नाही. शेतकऱ्यांच्या योजनांच्या कागदपत्रांत ‘शेतकऱ्यांना’ शोधणाऱ्याला निम्मीच पानं मिळाली, तर त्याचं मूळ १९९६ मधल्या सल्ल्यात असू शकतं.

आकार देणाऱ्या लायब्ररीला हे दोन्ही प्रकार नीट दाखवावे लागतात. त्यात आणखी एक तिढा होता. ओपनटाइप या पद्धतीच्या फॉन्टमध्ये प्रत्येक लिपीला एक छोटी खूण असते. देवनागरीची जुनी खूण ‘देवा’. विंडोज व्हिस्टाच्या सुमारास मायक्रोसॉफ्टने जोडाक्षरांचे नियम सुधारले. ‘क्र’सारख्या अक्षरात फॉन्टने आधी र आणि मग हलन्त असा क्रम धरायचा, की आधी हलन्त आणि मग र, यावर जुनी आणि नवी रीत वेगळी झाली. नियम तसेच बदलले असते तर आधीचे सगळे देवनागरी फॉन्ट एका रात्रीत तुटले असते. म्हणून नवी खूण काढली: ‘देव२’. फॉन्टमध्ये जुनी खूण दिसली तर जुने नियम, नवी दिसली तर नवे. मोडणारा बदल न मोडता करायचा तर तो असा: शेजारी नवं दार उघडायचं आणि जुनं बंद करायचं नाही. यात जकात पडते ती लायब्ररीवाल्यांवर. हार्फबझला आजही दोन्ही रीती पोसाव्या लागतात.

बेहदाद एसफाहबोद यांनी हार्फबझ नव्याने लिहिली आणि ती घडत असताना देवनागरीचे सात लाखांहून अधिक नमुने विंडोजच्या निकालाशी ताडून पाहिले गेले. मोजके अपवाद सोडले तर सगळे जुळले. जुलै २०१५ मध्ये तिची १.० आवृत्ती निघाली. पुढे २, ३, ४ करत आकडे दहाच्या वर गेले. गंमत म्हणजे या लायब्ररीत पहिला आकडा वाढला म्हणून काही मोडत नाही. जुन्या प्रोग्रॅमांशी नातं सांगणारा तिचा अंतर्गत क्रमांक शून्यावर आहे तो शून्यावरच. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस हे सगळे तिच्यावर विसंबतात. इतक्या जणांना एकदम हलवणं शक्य नाही हे तिच्या कर्त्यांनी सुरुवातीलाच ओळखलं.

या कथेत पुण्याचा वाटा मोठा आहे. ‘लोहित’ ही मुक्त फॉन्टमालिका मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवली, आणि २००४ मध्ये रेड हॅट या कंपनीने ती खुल्या परवान्याखाली दिली. लिनक्सवर मराठी वाचणाऱ्या पिढीने पहिल्यांदा वाचलं ते बहुधा लोहितमध्ये. २०११ मध्ये तिचा परवाना बदलून ‘ओपन फॉन्ट लायसन्स’ झाला. सुरुवातीला लोहित हिंदी, लोहित मराठी, लोहित नेपाळी असे वेगवेगळे फॉन्ट होते. पुढे ते एका ‘लोहित देवनागरी’त विलीन झाले. वरवर पाहता सोपी आवराआवर. पण ज्या संगणकावर ‘लोहित मराठी’ बसवलेला होता, तिथे अद्ययावत करताना त्याची जागा कोण घेणार हे पॅकेजमध्ये नोंदवावं लागलं. नाव हासुद्धा एक करार असतो.

त्यानंतर २०१३ च्या सुमारास रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी ‘लोहित २’ हाती घेतलं. जोडाक्षरांचे नियम वर्षानुवर्षांच्या ठिगळांनी गुंतागुंतीचे झाले होते. ठिगळं लावत राहण्यापेक्षा नियमांचे तक्ते कोऱ्या पाटीवर लिहायचे, जुन्या आणि नव्या दोन्ही खुणांना धरून लिहायचे, दुसऱ्या कुणालाही उचलून वापरता येतील असे लिहायचे, असं ठरलं. सुरुवात देवनागरीपासून झाली. याच वर्तुळातून ‘यूटीआरआरएस’ हा संदर्भसंग्रह तयार झाला. अमुक अक्षरक्रम दिला तर पडद्यावर अमुक दिसलं पाहिजे, अशा नमुन्यांचा तो साठा. त्यातले देवनागरी नमुने हार्फबझच्या चाचणीसंचात घेतले गेले.

तारखा आणि याद्या

मग मोठी आवृत्ती नीट कशी आखतात? अलीकडचं चांगलं उदाहरण नमपाय या पायथन लायब्ररीचं. हवामानापासून शेअर बाजारापर्यंत आकडेमोडीचं काम जिच्यावर चालतं ती ही लायब्ररी. तिची १.० आवृत्ती २००६ मधली, आणि २.० आली १६ जून २०२४ रोजी. मध्ये जवळपास अठरा वर्षं गेली.

त्यांनी काढलेल्या गोष्टी बाहेरून किरकोळ वाटतील. ‘अनंत’ आणि ‘संख्या नाही’ या मूल्यांची लहान-मोठ्या अक्षरांत लिहिलेली दुहेरी नावं होती. त्यातलं एकेक ठेवून बाकीची उडवली. विंडोजवर पूर्णांकाचा नेहमीचा आकार ३२ बिटांचा होता, तो इतर यंत्रांसारखा ६४ बिटांचा केला. यातला पहिला बदल बरा, कारण कोड लगेच थांबतो आणि चूक कुठे आहे ते सांगतो. दुसरा घातक, कारण काहीच थांबत नाही, फक्त उत्तर बदलू शकतं. अनुभवी मेंटेनर मोडणाऱ्या बदलांची यादी अशीच लावतात: ओरडून मोडणारे एकीकडे, गुपचूप मोडणारे दुसरीकडे. वेळ जातो तो दुसऱ्या यादीवर.

पायथनच्या अनुभवातून इथे धडा घेतलेला दिसतो. नमपायवर उभ्या असलेल्या लायब्रऱ्यांनी आपला कोड २.० वर बांधला, तर तोच बांधीव कोड जुन्या १.x वरही चालेल अशी सोय केली. म्हणजे दोन होड्यांवर पाय ठेवायची वेळ मधल्या लोकांवर आली नाही. जुनी नावं शोधून नवी सुचवणारा आपोआप चालणारा नियम तयार ठेवला. स्थलांतराची मार्गदर्शिका आवृत्तीच्या आधी लिहिली. आणि अंतिम आवृत्तीच्या काही महिने आधी ‘रिलीज कँडिडेट’ काढला, म्हणजे ‘आमच्याकडून झालं, आता तुम्ही मोडून दाखवा’ असं म्हणत वाटलेली उमेदवार आवृत्ती. तरी पहिल्या दिवसांत काहींचे प्रोग्रॅम मोडलेच. पण ते बहुतेक असे होते, ज्यांनी ‘दोनच्या खालची आवृत्ती’ अशी अट आपल्या कोडमध्ये घातली नव्हती.

तारखांचं शास्त्र वेगळंच आहे. काही प्रकल्प ‘तयार होईल तेव्हा’ म्हणतात, काही ठरल्या महिन्याला आवृत्ती काढतात आणि जे तयार नसेल ते पुढच्या गाडीत ढकलतात. युनिकोड वर्षाला एक आवृत्ती काढतं. कोविडच्या साथीत १४.० ही आवृत्ती मार्च २०२१ वरून सप्टेंबरवर नेली गेली आणि तसं जवळजवळ वर्षभर आधी जाहीर केलं, कारण त्या तारखेवर इतरांचे महिने ठरलेले असतात. ज्या सॉफ्टवेअरचा चेहरा मराठीत आणायचा असतो, तिथे आणखी एक मुदत लागते: ‘स्ट्रिंग फ्रीझ’. या दिवसानंतर पडद्यावरचा इंग्रजी मजकूर बदलायचा नाही, म्हणजे अनुवादकांना शांतपणे काम करता येतं. ही मुदत मोडली की भाषांतर करणाऱ्या स्वयंसेवकाच्या रात्री वाया जातात आणि मराठी पडद्यावर अधूनमधून इंग्रजी वाक्यं डोकावतात.

टोकाचं उदाहरण डोनाल्ड क्नूथ यांचं. त्यांच्या ‘टेक’ या छपाईच्या प्रणालीचा आवृत्तिक्रमांक पायच्या किमतीकडे सरकत जातो. दर दुरुस्तीला एकेक दशांश वाढतो, २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. चौथी आवृत्ती येणारच नाही असं त्यांनी ठरवून टाकलं आहे. एकट्याच्या, पूर्ण झालेल्या कामाला हे शोभतं. ज्या लायब्ररीच्या पायाखाली दरवर्षी नवे फोन, नवे फॉन्ट, नवी अक्षरं येतात तिला असं थांबून चालत नाही.

मराठीचा हिस्सा

या सगळ्या प्रकरणांत मराठी माणूस सहसा शेवटच्या टोकाला भेटतो. आवृत्ती निघते, फोन किंवा संगणक अद्ययावत होतो, आणि एके सकाळी रफार भलतीकडे गेलेला दिसतो किंवा मराठी वळणाचा ‘ल’ जाऊन हिंदी वळणाचा आलेला असतो. मग तक्रार होते. ती रास्त असते, पण उशिरा येते. तोवर त्या आवृत्तीवर दुसऱ्यांची कामं उभी राहिलेली असतात, आणि आता दुरुस्ती म्हणजे त्यांचं मोडणं.

अक्षरवळणाबाबत आपल्याकडे कागदावर स्पष्टता आहे. राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला आणि अक्षरांची रूपं प्रमाणित केली. एकाच फॉन्टमध्ये भाषा पाहून वेगळं वळण दाखवायची सोय ओपनटाइपमध्ये आहे. पण शासननिर्णय आपल्या पायाने लायब्ररीत चालत जात नाही. तो चाचणीच्या रूपात लिहून कुणीतरी न्यावा लागतो. यूटीआरआरएसच्या वेळी ते काम झालं, कारण पुण्यात पगार घेऊन ते करणारी माणसं होती आणि पगार देणाऱ्या कंपनीला त्याची गरज होती. कंपनीच्या गरजा बदलतात. भाषेची गरज तशीच राहते.

काम तसं डोंगराएवढं नाही. शंभरेक शब्दांची यादी लागते: वैशाखऱ्यात, तऱ्हा, शेतकऱ्यांना दोन्ही पद्धतींनी लिहिलेले, ॲप आणि ऑक्टोबर, मराठी वळणाचे ल आणि श, ह नंतर ळ, क्ष, ज्ञ असा लावलेला शब्दकोशाचा क्रम, देवनागरी आकड्यांत तारीख आणि लाख-कोटींचे स्वल्पविराम. प्रत्येकापुढे अपेक्षित रूप. उमेदवार आवृत्ती आली की ही यादी तिच्यावर चालवायची आणि जिथे चुकलं तिथे, अंतिम तारखेच्या आत, चित्रासह कळवायचं. मेंटेनरला मराठी येत नसली तरी ‘हे दिसायला हवं, हे दिसतंय’ एवढं त्याला पुरतं.

भाषाविषयक खाती, विद्यापीठांचे मराठी आणि संगणक विभाग, रोज हजारो शब्द छापणारी वृत्तपत्रं, या सगळ्यांचं काम या लायब्रऱ्यांवर फुकट चालतं. त्यांच्यातल्या एकाने जरी वर्षातून दोनदा ही यादी चालवायची जबाबदारी अंगावर घेतली तरी चित्र बदलेल. एखादा शब्द चाचणीसंचात एकदा शिरला की पुढच्या प्रत्येक आवृत्तीत तो आपोआप तपासला जातो, यादी देणारा माणूस नोकरी सोडून गेला तरीही. यादी करायला प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. मराठी नीट वाचता यायला हवं आणि तारीख पाळायला हवी.